पहिला दिवस आपला

राब म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्याला आमची लढाई कळणार नाही, म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो. भाताचं रोप ज्या तुकड्यात वाढवायचं त्याला दाढ म्हणतात. उन्हाळ्यात त्या दाढीवर शेण, झाडांच्या छाटलेल्या कोवळ्या फांद्या म्हणजे टाहाळ, त्यावर पालापाचोळा आणि सगळ्यांत वर बारीक माती असे थर घालतात आणि भाजतात. तण मरतं, राख मातीखाली राहते, पावसाला रोप काळंभोर वर येतं. हा राब. तो पेटवायचा वाऱ्याच्या उलट अंगानं. मग जाळ रांगत जातो. वाऱ्याच्या बाजूनं पेटवला तर जाळ धावतो, जमीन कच्ची राहते आणि राख शेजाऱ्याच्या शेतात जाते. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. हे कळत होतं म्हणूनच आमची फजिती झाली, पण ते पुढं.

बदलापूरच्या पलीकडे, बारवीच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी आमची वाडी. मध्ये एक ओहोळ, आणि ओहोळाच्या पलीकडे दुसरी वाडी. देवी एक, जत्रा एक, सोयरिकीही एकमेकांत. माझी थोरली बहीण, जिला मी बाय म्हणत आलो, ती त्या पलीकडच्या वाडीत दिलेली. डोंगराचा झाडीचा भाग त्यांच्या मालकीचा होता. आमच्या बापजाद्यांनी टाहाळ तिथूनच तोडलं. कुणी कधी विचारलं नाही, कुणी कधी अडवलं नाही.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली, कल्याणजवळच्या लष्करी छावणीतले सोल्जर गेले आणि त्यांच्या बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित माणसं राहू लागली. त्याचं पुढं उल्हासनगर झालं, पण आमच्या तोंडी ते कायम कँपच राहिलं. एवढी माणसं आली म्हणजे एवढ्या चुली आल्या. कँपात लाकडाच्या वखारी उघडल्या. पलीकडच्या वाडीला एकदम कळलं, की डोंगरावर उभी आहेत ती नुसती झाडं नाहीत. एका फाल्गुनात त्यांनी निरोप धाडला: यंदापासून टाहाळ बंद. छाटलेल्या झाडाचं लाकूड पोसत नाही.

आता माझ्याविषयी. इंग्रजी चार यत्ता शिकून लढाईच्या काळात मी त्या छावणीच्या कोठारात कारकून होतो. सोल्जर निघून गेल्यावर त्याच जागी, एका सिंधी शेटच्या कापडाच्या दुकानात लिखापढीला लागलो. आठवडा विठ्ठलवाडीच्या खोलीत काढायचा आणि सुट्टीला वाडीवर जायचं. वाडीवर मी शहाणा होतो. छावणीत असताना साहेबलोकांच्या टेबलावरची जुनी वर्तमानपत्रं मी वाचली होती, एका मद्रासी हवालदारानं मला भिंतीवरच्या नकाशावर पॅसिफिक महासागर दाखवला होता, आणि तेवढ्या भांडवलावर मी वाडीच्या पारावर जगाचं राजकारण सांगत असे. माणसाला ऐकणारे मिळाले की तो किती हलकट होऊ शकतो हे मला त्या पारावर कळायला हवं होतं. कळलं नाही. फार गोड लागत होतं.

टाहाळबंदीचा निरोप आला त्या आठवड्यात पारावर नुसत्या शिव्या चालल्या होत्या. वाडीचा कारभार बघायचा तो माझ्या वडिलांचा चुलतभाऊ. सगळी वाडी त्याला मोठा बाबा म्हणे. तो शिव्या देत नव्हता. विडी ओढत होता. मला म्हणाला, "तुज्या त्या जपानचं काय रं झालेलं? त्यांचं पन कायतरी बंद केलेलं ना?"

मी खुलून सांगू लागलो. जपाननं चीनमध्ये घुसून लढाई लावली होती आणि ती काही संपत नव्हती. अमेरिकेनं आधी त्यांचं भंगार लोखंड तोडलं, मग तेल तोडलं. तेलाचा साठा रोज कमी होत होता. आज हात उचलला नाही तर पुढं उचलायला ताकदच उरणार नाही, असं त्यांच्या सेनापतींनी ठरवलं. माघार घेतली असती तर तेल मिळालं असतं, पण माघार घेणार कोण? मग एका रविवारी सकाळी, बंदरात सगळे निवांत असताना, विमानं पाठवली आणि उभी जहाजं बुडवली. त्यांचा वकील, म्हणजे राजदूत, तेव्हा अमेरिकेच्या राजधानीत बसून बोलणी करत होता.

"वकिलाला ठाऊक होतं?" मोठ्या बाबानं विचारलं.

"सगळं सांगितलं नव्हतं म्हणतात."

"आनि जिंकले?"

"पहिल्या दिवशी जिंकले."

"बास," मोठा बाबा म्हणाला आणि विडी दगडावर चिरडली. "पयला दिवस आपला. पुढचं पुढं बघू."

पुढं काय झालं ते मी सांगितलं नाही असं नाही. चार वर्षांत त्या देशाची राखरांगोळी झाली हे पारावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. जुन्या बातम्या नव्हत्या त्या. सांगितलं, पण चिलीम फिरत असताना, हलक्या आवाजात सांगितलं. माझी गोष्ट लोकांना आवडली होती. तिचा शेवट सांगून ती कोण बिघडवणार?

बेत ठरला. ठरवला बऱ्याच अंशी मीच. चैत्री पुनवेला देवीची जत्रा. सकाळपासून दोन्ही वाड्या ओहोळाच्या वरच्या अंगाला देवळात. जत्रेआधी कुणी दाढीवर राब पसरत नाही, तो देवीचा मान. म्हणजे त्यांचं सगळं टाहाळ, सगळा पालापाचोळा जत्रेच्या सकाळी घरांमागं ढिगांनी पडलेला असणार. ढीगच पेटवले की दाढीवर घालायला काही उरणार नाही. मग चैत्र-वैशाखात परत टाहाळ आणायचं तर वखारीसाठी राखलेली झाडंच छाटावी लागतील. येतील आपल्याकडं तडजोडीला, नाक घासत.

"आनि ते काठ्या घेऊन आले तर?" एकानं विचारलं.

यावर पार हसला. पलीकडचे तरुण तेव्हा अंबरनाथच्या कारखान्यात जाऊ लागले होते. भोंग्यावर उठतात, डब्यातली भाकर खातात, इस्त्रीची पँट घालतात. हाडं मऊ झाली त्यांची. एक दणका बसला की हात जोडतील. शत्रूविषयी एवढी खातरी आम्हांला कुठून आली? आम्ही त्यांच्याकडं जेवायला जात होतो, मुली देत होतो, त्यांच्या मयताला खांदा देत होतो. इतक्या जवळून पाहूनही आम्हांला त्यांच्यातलं काही दिसलं नाही, दिसल्या त्या इस्त्रीच्या पँटी.

आणि वकील मी. मोठा बाबा म्हणाला, "तू तिकडं बोलनी करत बस. तात्याला जागेवरनं हलू द्यायचा नाय." तात्या म्हणजे त्यांच्या वाडीचा म्हातारा कारभारी, नात्यानं बायचा चुलत सासरा.

"पण बायचं घर आहे तिकडं," मी म्हणालो. एवढं मात्र म्हणालो, माझ्या नावे तेवढं जमा असू द्या.

"तिच्या घराला कोन हात लावतंय? ढीग जालायचे." आणि मग माझ्याकडं रोखून, "का तुला सांगायचं हाय तिला?"

सगळा पार माझ्याकडं बघू लागला. मी म्हणालो, "छे."

जत्रेच्या सकाळी मी ओहोळ ओलांडून आधी बायच्या घरी गेलो. देवळाची वाट तिच्या दारावरून जाते. भावजींना दम्याचा विकार. पडवीत खाटेवर उशीला टेकून बसले होते. कारखान्यात ना ते जाऊ शकत होते ना त्यांच्या घरात दुसरा पुरुष होता. घरामागं टाहाळाचा ढीग, त्याला चिकटून पेंढ्याची उडवी, आणि उडवीच्या सावलीला म्हैस. कपाळावर पांढरा ठिपका असलेली ती म्हैस आमच्याच गोठ्यातली. बायच्या पाठवणीला वडिलांनी दिलेली.

"आलास? सनाला बरी बाय आठवली," ती म्हणाली. "बस. भाकर टाकतंय."

"बोलणीला निघालोय, बाय."

"बोलनी बोलनी. म्हैनाभर तुमी दोन्ही वाड्या बोलताय, एकाचं तोंड दुकत नाय." तिनं ताटात गरम भाकर आणि सुकटीची चटणी वाढली. "आयेला सांग, माज्या वाट्याचं टाहाळ परून हाय. ह्यांच्यानं उचलवत नाय. चार भारे घेऊन जा तुमच्या दाढीला. कोन इचारतंय? माजा वाटा हाय, मी कुनालापन देन."

मी खाली मान घालून जेवत होतो.

"आनि जत्रा झाली का दोन दिवस राहा नं. राब पसरून दे मला. उडवी पन जरा लांब घ्यायची हाय, ढिगाला लागून हाय ती. येशील?"

"येतो," मी म्हणालो.

इथं थांबतो जरा. वीस वर्षांहून जास्त काळ मी इथं थांबलेलाच आहे. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं: बाय, उडवी आत्ताच लांब घेऊ. मी हात लावला असता तर भाकर थंड व्हायच्या आत काम झालं असतं. बेत फुटला नसता, कुणाला संशय आला नसता. बहिणीच्या घरी आलेला भाऊ पेंढा हलवतो, यात कुणाला काय दिसणार? पण माझ्या पोटात एक गुपित होतं, आणि त्या गुपितानं मी फुगलो होतो. त्या सकाळी दोन्ही वाड्यांत काय होणार आहे हे ठाऊक असलेला मी वकील होतो. माझ्या नजरेत बाय लहान झाली होती, भावजी लहान झाले होते, तात्या तर मूर्ख झाला होता. गुपित बाळगणाऱ्याला समोरची सगळी माणसं आंधळी दिसतात, आणि आंधळ्यांमध्ये आपल्याला डोळे आहेत ही भावना इतकी सुखाची असते की तिच्यापायी माणूस चार पेंढ्याही हलवत नाही.

ताट धुऊन मी देवळात गेलो.

तात्या सभामंडपात खांबाला टेकून बसला होता. "या या, कँपवाले! काय खबर तुमच्या सिंधी शेटची? का त्यानंच पाठवला लाकडाचा भाव काढायला?"

आसपासचे हसले. मीही हसलो. मग मी बोलणी सुरू केली. आमच्या बापजाद्यांची वहिवाट, देवी एक, नाती एक, असं घोळवत राहिलो. बाय मागून ओटीचं सामान घेऊन आली आणि बायकांत जाऊन बसली. तात्या बराच वेळ डोळे मिटून ऐकत होता. मला वाटलं झोपला. मग डोळे न उघडताच तो म्हणाला, "डोंगराच्या वरच्या अंगाचं लाकूड आमी वखारीला देत नाय. बैलगारी वर चरत नाय तितं. वरचं टाहाळ तोरा तुमी. खालच्या अंगाला हात लावू नका."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "कायमचं?"

"देवीसमोर बसून सांगतंय. आजून काय कागद पायजे?"

बोलणी यशस्वी झाली. जी मिळावी म्हणून हल्ला करायचा होता ती गोष्ट मिळाली होती, मागितली आणि मिळाली. आणि त्याच वेळी खाली त्यांच्या वाडीच्या दिशेनं धूर दिसला.

तो धूर पाहून मी चक्रावलो. पांढरा, बसका, जमिनीला धरून सरकणारा. असा धूर मी जन्मापासून पाहत आलेला. दाढ नीट भाजली जाते तेव्हाच तो दिसतो. ढीग पेटला तर धूर असा निघत नाही. देवळातली माणसंही मान वळवून पाहत होती, पण कुणी उठलं नाही. "कुनाची दाढ भाजतंय आज, सनाच्या दिवशी?" एक बाई एवढंच म्हणाली.

झालं होतं असं, आणि हे मला नंतर आमच्याच पोरांनी सांगितलं. आमची टोळी वाडीत शिरली तेव्हा घरांमागं ढीग नव्हतेच. कारखान्याला जाणाऱ्यांना सुट्टी रविवारची. जत्रेनंतर रजा मिळणार नाही म्हणून त्यांनी देवीला नारळ फोडून माफी मागितली होती आणि आदल्या रविवारीच सगळ्या दाढींवर राब पसरून, माती घालून मोकळे झाले होते. आम्ही धरून चाललो होतो की आम्ही जे करतो तेच तेही करणार. बरं, ढीग नाहीत तर परत यावं. पण हातात पेटती चूड घेऊन परत येणं कुणाला जमतं? म्हणून त्यांनी पसरलेला राबच पेटवला. आणि पेटवला कसा? वाऱ्याच्या उलट अंगानं. त्या आडदांड पोरांचे हात जन्मात दाढ दुसऱ्या कुठल्या रीतीनं भाजूच शकत नव्हते. एकानं तर म्हणे जाळ धावू लागलेला पाहून ओल्या डहाळीनं हाणून तो आवरला. शत्रूच्या वाडीवर हल्ला करायला गेलेल्या वीरांनी शत्रूच्या दाढी एकूण एक, निगुतीनं, फुकटात भाजून दिल्या.

एक दाढ तेवढी मोकळी होती. एका घरात राब पसरायला पुरुषाचा हात नव्हता, म्हणून देवीचा मान पाळणारं ते एकच घर होतं. तिथं घरामागं ढीग होता.

"बायचं घर हाय रं ते," एक पोरगा म्हणाला.

"आता ती तिकरचीच," दुसरा म्हणाला.

दुसरा धूर उभा चढला. पिवळट काळा, गरगरत. देवळात सगळे उठले. बायनं ओटीचं ताट खाली ठेवलं नाही, टाकलं. तांदूळ फरशीवर सांडले. "माजी उडवी!" एवढंच ती ओरडली आणि धावत सुटली. सगळी माणसं तिच्यामागं. मी सगळ्यांच्या मागं.

आम्ही पोचलो तेव्हा उडवी कोसळून गेली होती आणि मागची कुडाची भिंत जळत होती. भावजी खाटेवरून उतरून, रांगत जाऊन म्हशीचं दावं सोडून अंगणात पडले होते. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. ओहोळातून हंडे आले, कुड विझला, घर वाचलं. ढिगाच्या जागी राखेचा भोवरा फिरत होता. वारा ती राख उचलून दुसऱ्यांच्या शेतांत नेत होता.

संध्याकाळी बाय त्या काळ्या जागेवर उकिडवी बसली होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुमच्या वाडीनं केलं ह्ये. तुला ठाऊक होतं का रं?"

"नाय, बाय."

"आयेची आन?"

"आईची आण."

तिनं मान हलवली. तिला तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी तात्या आमच्या पारावर आला. काठ्या नाहीत, माणसं नाहीत; एकटा, हातात नारळ घेऊन. आमची सगळी वाडी जमलेली. त्यानं नारळ मोठ्या बाबाच्या पुढ्यात ठेवला. "आमच्या दाढी भाजून दिल्यात, उपकार झाले. इतकं नीट तर आमच्या पोरांनीपन भाजलं नसतं, कारखान्यात जाऊन हात मऊ झालेत त्यांचे. पुढल्या साली सांगून या, जेवान ठेवतो." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "आनि तू रं कँपवाल्या. देवीसमोर दिलेलं टाहाळ मी परत घेत नव्हतो. तुज्या बहिनीच्या घरामागची राख बघून परत घेतलं."

मोठा बाबा खोकला. विडी शोधू लागला.

त्या साली आमच्या दाढींत टाहाळच नव्हतं. रोप पिवळं, विरळ. त्यांचं रोप ओहोळापलीकडून हिरवं दिसायचं, बघवत नसे. पुढल्या साली तर त्यांच्या नोकरदार पोरांनी पगारातून विलायती खताची पोती आणली आणि आमच्या लढाईचं कारणच बाद करून टाकलं. पुढं आम्हीही पोतीच आणू लागलो. डोंगराकडं कुणी बघेना. ज्याच्यासाठी आम्ही देवीच्या दिवशी बहिणीचं घर पेटवलं ते टाहाळ आज पायाखाली पडलेलं कुणी उचलत नाही.

मोठा बाबा मात्र मरेपर्यंत सांगत होता, "आपन त्यांना हादरवलं होतं." आणि ऐकणारे माना डोलवत. हरलेल्या वाडीला पहिला दिवस पुरतो. तो चघळत ती दुसऱ्या, तिसऱ्या, हजाराव्या दिवसाकडं पाठ करून बसू शकते.

पण बायचं काय? तिला त्या साली लावायला रोप नव्हतं, गुराला पेंढा नव्हता, भावजी पावसाळाभर उठले नाहीत. तिच्या वाडीनं आपलं उरलेलं रोप तिला दिलं, पण भावकीनं अट घातली: माहेर तोडायचं. ओहोळ ओलांडायचा नाही, तिकडचं पाणी प्यायचं नाही, तिकडच्यांबरोबर दिवाळी-दसरा करायचा नाही. शेत ओसाड टाकायचं की माहेर, एवढाच प्रश्न होता. तिनं शेत लावलं.

म्हैस तिनं कँपातल्या तबेल्याला दिली. तो तबेला आमच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत होता हा काही देवाचा न्याय वगैरे नाही. दूध विकत घेणारी माणसं तिथं होती म्हणून तबेला तिथं होता. एका दुपारी मी मागं गेलो आणि कपाळावरचा पांढरा ठिपका दिसला. म्हशीनं मला ओळखलं नाही. शेट गादीवरून म्हणाला, "साईं, आजकल दूध बढ़िया आता है. चाय पियो." मी प्यालो. ती म्हैस आटेपर्यंत पीत राहिलो. नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

दर जत्रेला आई देवळाच्या पायरीवर बसायची. बाय ओटी भरायला यायची, समोरून जायची. दोघी एकमेकींकडं बघायच्या नाहीत, अगदी लक्षपूर्वक बघायच्या नाहीत. आई गेली त्या दिवशी बाय ओहोळाच्या पलीकडच्या काठावर येऊन उभी राहिली. आम्ही तिरडी अलीकडच्या काठानं नेली. ती तिथंच उभी होती, पदर तोंडात धरून. आम्ही वळलो तरी उभी. खोटी आण घेतल्यानं कुणी मरत नाही. आई म्हातारपणानं गेली. ती बायला न भेटता गेली, ते मात्र माझं काम.

आता मी पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे. अंबरनाथला राहतो. इथल्या वाचनालयाच्या ओट्यावर निवृत्त मंडळी जमतात आणि त्यांना कधी कधी तो जुना विषय सुचतो: जपाननं तो आत्मघात केलाच का? मग तेल येतं, चीन येतो, सम्राट येतो, जनरल येतात. एक जण म्हणतो, त्यांना दुसरा मार्गच नव्हता. मी ऐकून घेतो. दुसरा मार्ग असतो हो. तो खांबाला टेकून, डोळे मिटून बसलेला असतो आणि विचारलं की हो म्हणतो. पण तोवर घरी सगळ्यांना सांगून झालेलं असतं, चुडी पेटलेल्या असतात, कुणी तरी पारावर बढाया मारलेल्या असतात. शत्रूपुढं माघार घेता येते. आपल्या पारापुढं घेता येत नाही. मोठमोठ्या राजधान्यांतही पारच असतात, फक्त त्यांना छप्पर असतं. आणि एक वकील असतो, बोलण्यात गोड, जेवायला पुढं. अशा वेळी ओट्यावर कुणी तरी मला विचारतं, "तुमचं काय मत?" मी म्हणतो, "मला काय कळतंय त्यातलं."

भांडण केव्हाच मिटलं. ज्यांनी अटी घातल्या ते गेले, भावजी गेले, बायला मागाहून झालेल्या मुलानं तर आमच्याच वाडीतली मुलगी केली. बाय तेवढी अजून ओहोळ ओलांडत नाही. ओहोळाच्या अलीकडं आता तिचं कुणी नाही म्हणते. मी जातो अधूनमधून तिच्याकडं. ती पाणी देते, भाकर टाकते. यंदाच्या जत्रेला गेलो, तेव्हा ती ओट्यावर बसून सुपात तांदूळ पाखडत होती. माझ्यापुढं तिनं पाण्याचा तांब्या ठेवला होता. मी तो उचलला नाही.

"बाय, मला ठाऊक होतं."

"काय?"

"उडवीचं. त्या जत्रेचं."

सूप चालूच होतं. "कवा कलला तुला? देवलात?"

"आधी. बेत माझाच होता."

सूप थांबलं. ती तांदळात बोटं फिरवत राहिली, खडा शोधावा तशी. "भाकर खाल्लीस तवा ठाऊक होतं?"

"हो."

"आनि मी म्हनलं उडवी लांब घ्यायची हाय, तवा?"

"हो."

"आत्ता घेऊ, असं म्हनला असतास तर तुमचा बेत मोरला असता?"

"नसता मोडला."

"मंग?"

पारावर, ओट्यावर, जन्मभर मला कारणं सुचत आली. ती इथं चालणार नव्हती. "म्हणता आलं असतं, बाय. मी म्हणालो नाही."

तिनं सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून उठली. माझ्यापुढचा भरलेला तांब्या उचलला आणि आत गेली. हंड्यात पाणी परत ओतल्याचा आवाज आला. मी वाट पाहत बसलो. ती बाहेर येणार नाही हे कळायला मला जरा वेळ लागला. मग मी चपला घातल्या.